जहाजावर बिल येत नाही

जेवण तिकिटात असतं का?

असतं. नाश्ता, दुपारचं जेवण, चारचा चहा, रात्रीचं जेवण, सगळं. बंदर सोडून जहाजात पाय ठेवला की परत जमिनीवर येईपर्यंत जेवायला खिशात हात घालावा लागत नाही.

सारिकाला हे जळगावच्या एका लग्नात कळलं. नशिराबादची चुलत नणंद नुकतीच जहाजावर जाऊन आली होती, आणि समुद्राचं सांगायचं सोडून जेवणाचंच सांगत होती. "वाटेल ते खा, वाटेल तेवढं खा. बिलच येत नाही गं!"

सगळ्या हसल्या. सारिका हसली नाही. धुळ्याला परत येताना बसमध्ये ती तेवढं एकच वाक्य घोळवत राहिली. बिल येत नाही. म्हणजे बाबूजींना ते आपल्या आधी जाऊन चुकतं करता येणार नाही.

बाहेरचं खाणं-पाणी नेता येतं का?

नाही. बंदरावर काढून ठेवतात.

बाबूजी म्हणजे मांगीलाल, सारिकाचे वडील. पारोळ्याच्या बाजारात त्यांची धान्याची अडत होती, आता मुलगा प्रेमराज बघतो. लेक धुळ्याला दिली. दिलेल्या लेकीच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, हा त्यांच्या घरातला नियम. धुळ्याला आले की ते लेकीच्या बैठकीत बसत, जावयाशी धान्याच्या भावाचं बोलत, नातवाला, मननला, मांडीवर घेत. तहान लागली की पिशवीतून पारोळ्याची बाटली काढत आणि झाकण फिरवत. झाकणाचा तो करकर आवाज सारिका लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. आता मनन नोकरीला लागला होता आणि ऐंशी ओलांडलेल्या बाबूजींना झाकण फिरवायला वेळ लागत होता. तरी ते कुणाच्या हातात देत नसत.

बंदरावर त्यांची बाटली आणि खाखऱ्यांचा डबा बाजूला काढून ठेवला. बाबूजी भांडायच्या तयारीत होते.

"राहू द्या बाबूजी," सारिका म्हणाली. "प्रेमभाऊने आत जैन जेवण सांगून ठेवलंय."

हे खोटं होतं. जेवण तिने सांगितलं होतं, तिकिटंही तिनेच काढली होती आणि बाबूजींना ती प्रेमराजने काढली असं सांगितलं होतं. भावाला फोनवर एवढंच म्हणाली होती, "विचारलं तर हो म्हण."

प्रेमराज म्हणाला होता, "कळलं तर बोलणार नाहीत तुझ्याशी."

"नको बोलू देत. माझ्याकडचं घोटभर पाणी पोटात जाऊ दे त्यांच्या. बस."

जेवायची वेळ आपण ठरवायची का?

बैठका दोन असतात. पहिली संध्याकाळी, दुसरी रात्री. दिवस मावळल्यावर न खाणाऱ्यांनी पहिली मागून घ्यावी. त्यांची ताटं उजेडातच लावतात. सारिकाने पहिली घेतली आणि खिडकीशेजारचं टेबल मागितलं. समोर सूर्य दिसत राहील, बाबूजींना घड्याळ बघायला नको. सूर्य बुडाला की ते पाण्यालाही शिवत नाहीत, ते थेट दुसरा दिवस वर येईपर्यंत.

टेबलावर आपलीच माणसं असतात का?

असतीलच असं नाही. मोठ्या टेबलावर दोन घरं एकत्र बसवतात. सारिकाचा नवरा दुकानामुळे आला नव्हता. ती, बाबूजी आणि मनन, असे तिघे. समोर सोनगीरचे भिकन आबा आणि तानुबाई. शेतकरी जोडपं. आबांनी डोक्यावर कडक टोपी घातली होती आणि तानुबाईंनी नव्या साडीचा पदर दोन्ही खांद्यांवर घट्ट ओढून घेतला होता. हॉलमध्ये थंडी होती.

दारातल्या माणसाने सारिकाच्या गळ्यातलं खोलीचं कार्ड बघितलं आणि हिंदीत म्हणाला, "आइए सारिकाजी, टेबल आपके नाम से लगा है." बाबूजींनी ते ऐकलं. तेव्हा त्यांना त्यात काही वाटलं नाही.

चमचे-काटे इतके का?

बाहेरून आत वापरत यायचं. नाही जमलं तर हात आहेत.

"हाई दाताळं कसाले दिनं?" तानुबाईंनी काटा उचलून नवऱ्याला विचारलं.

"ताटमा पालापाचोळा ऱ्हायना तं गोळा कराले," भिकन आबा म्हणाले.

बाबूजी खळखळून हसले. पारोळ्याच्या बाजारात सगळा जन्म अहिराणी बोलणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर गेलेला. तीच बोली समुद्रात भेटली म्हणून ते खुलले. "कोनतं गाव म्हनं तुमनं?" इथून सुरू झालं ते किल्ल्यापर्यंत, महामार्गापर्यंत, यंदाच्या कापसापर्यंत गेलं. बोलता बोलता ताटं आली. बाबूजींच्या ताटात फुलके, मुगाची डाळ, कच्च्या केळ्याची भाजी, पापड. त्यांनी हात जोडून डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले, मग फुलक्याचा तुकडा मोडला, भाजीला लावला, डाळीत बुडवला आणि तोंडात घातला.

सारिका बघत होती. तिच्या हातात घास होता, तो हातातच राहिला. बाबूजी चावत होते. त्यांच्या कानाजवळची शीर हलत होती. त्यांच्या उजव्या हाताला पाण्याचा भरलेला पेला होता.

बिल कोण देतं?

हा प्रश्न भिकन आबांनी विचारला. "आठे बिल कोन देस हो?"

"बिल नसतं आबा," मनन म्हणाला. "सगळं तिकिटातच."

"बठ्ठं?"

"बठ्ठं."

भिकन आबांनी मान डोलावली, त्यांना ते पटलं. "मंग ज्यानी तिकिट काढं, त्यानंच हाई जेवन. आमनं मना पोऱ्यानी काढं, सुरतले ऱ्हास तो. म्हनजे आम्ही पोऱ्यानं खाई ऱ्हायनूत. तुमनं कोनी काढं, शेठ?"

"मना पोऱ्यानीच," बाबूजी म्हणाले. "प्रेमराजनी."

मननच्या तोंडात घास होता. "मामांनी कुठे, मम्मीनेच तर..."

तो थांबला. पण थांबायला उशीर झाला होता.

तिकीट कुणी काढलं?

पहिल्यांदा जाणारे हे विचारत नाहीत. ज्याने काढलं त्याला माहीत असतं, ज्याच्यासाठी काढलं तो खूश असतो.

बाबूजींनी विचारलं नाही. त्यांनी सारिकाकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं, जिथे त्या माणसाने तिचं नाव घेतलं होतं. तोंडातला घास त्यांनी गिळला, कारण टाकणं हेही त्यांच्यात बसत नव्हतं. हात पुसले. चमचा आणि काटा ताटात शेजारी शेजारी, सरळ ठेवले. दुकानात तराजूची मापं ठेवत तसे.

"मिच्छामि दुक्कडम," ते हळूच म्हणाले. चुकून घडलेल्या पापासाठी म्हणतात ते. सारिकाला नाही, ताटाला म्हणाले.

"बाबूजी, ऐका ना..."

"तू जेव बाई."

"हे माझं घर नाहीये. हे जहाज आहे."

"चूल कुणाची ते नाही बघत. दाणा कुणाचा ते बघतात."

"काय व्हयनं?" भिकन आबांना कळेना. तानुबाईंनी त्यांच्या गुडघ्याला हात लावला, पण आबांना तेवढ्यात उलगडलं होतं. "अंडेरनं म्हनीसन?" अंडेर म्हणजे लेक. "आहो शेठ, मनी अंडेर शिंदखेडाले दियेल शे. मी तठे आठ-आठ दिन ऱ्हास. ती हाकलस, मी जास नही."

"तुमले कोनी इचारं?" तानुबाई म्हणाल्या. "गुपचूप जेवा ना."

"बरं, मना ताटमाईन घ्या शेठ. हाई तं मना पोऱ्यानं शे. तुमनी अंडेरनं नही."

बाबूजींनी त्यांच्या ताटाकडे बघितलंही. आबा मनापासून म्हणत होते.

"त्यामा कांदा शे," बाबूजी म्हणाले.

ताट कधी उचलतात?

चमचा आणि काटा शेजारी शेजारी सरळ ठेवले की जेवण झालं, अशी इथली खूण आहे. वाढणारे लांबून तेवढंच बघत असतात. विचारत नाहीत. उजव्या बाजूने हात येतो आणि ताट जातं.

हात आला.

सारिकाने ताटावर आपला पंजा आडवा धरला. वेटर दचकला. तिची बोटं डाळीत गेली होती.

"नहीं हुआ है," ती म्हणाली.

"सॉरी मॅडम. वो स्पून..."

"नहीं हुआ."

बाबूजी उठले. "पाणी बघतो," म्हणाले आणि हॉलच्या टोकाच्या काउंटरकडे चालू लागले. जहाज किंचित कलत होतं. ते प्रत्येक खुर्चीच्या पाठीला हात लावत गेले.

वरचं काही हवं असेल तर?

बाटलीतलं पाणी, सरबत, थंड पेयं काउंटरवर विकत मिळतात. पण रोख चालत नाही. कार्ड पुढे करायचं, ते घासतात आणि रक्कम खोलीच्या नावावर चढते.

बाबूजींनी बंडीच्या आतल्या खिशातून नोट काढली आणि काउंटरवर ठेवली. पलीकडच्या माणसाने ती अदबीने परत सरकवली. त्यांनी पुन्हा ठेवली. त्याने पुन्हा सरकवली आणि त्यांच्या गळ्यातल्या कार्डाकडे बोट दाखवलं. मनन मागे धावला होता, त्याने समजावलं: खाली रिसेप्शनवर पैसे भरून कार्डात टाकता येतात, नानाजी.

"आणि कार्ड कुणाच्या नावावर?"

सगळी कार्डं एकाच खोलीची होती आणि खोली मननच्या आईच्या नावावर होती.

चहूबाजूंनी पाणी होतं. मांगीलाल नोट हातात धरून काचेतून त्या पाण्याकडे बघत उभे राहिले. आयुष्यात त्यांचा पैसा कुणी नाकारला नव्हता.

पाणी मागावं लागतं का?

लागत नाही. बसल्याबरोबर पेले भरतात आणि अर्धे झाले की न विचारता पुन्हा भरतात.

आईने मागितलं होतं.

सारिकाची आई, सुगनबाई, दोन वर्षांपूर्वी शेवटच्या दिवसांत धुळ्याच्या एका दवाखान्यात होती. सारिकाचं घर तिथून पायी जाण्याच्या अंतरावर. ती सकाळ-संध्याकाळ जायची, अंग पुसायची, केस विंचरायची. जेवण मात्र पारोळ्याहून डब्यात यायचं. पाणीही. त्या दिवशी दुपारी बाटली संपली होती. प्रेमराज कॅन्टीनमधून नवी आणायला खाली गेला होता.

आईचे ओठ सुकून त्यांना पापुद्रे आले होते. ती म्हणाली, "सारू, पाणी."

सारिकाजवळ तिच्या घरचा थर्मास होता. तिने तो उघडला, झाकणात ओतलं, आईच्या मानेखाली हात घातला.

"थांब," बाबूजी म्हणाले. "प्रेमराज आणतोय."

ती थांबली. झाकण हातात धरून, आईची मान दंडावर घेऊन थांबली. प्रेमराजला जिना चढायला फार वेळ लागला नाही. त्याने आणलेलं पाणी बाबूजींनी चमच्याने आईच्या तोंडात घातलं. ते ओठांच्या कडेने बाहेर आलं.

थर्मासच्या झाकणातलं पाणी सारिकाने खिडकीतल्या कुंडीत टाकलं. कुंडीत कुणी लावलेलं काही नव्हतं, नुसती माती होती. तिने हे कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच, तिथे सगळे होते. फक्त त्यानंतर बाबूजींच्या बाटलीचं झाकण करकरलं की ती उठून स्वयंपाकघरात जाऊ लागली.

उरलं तर काय करतात?

मननने एका व्हिडिओत बघितलं होतं. उरलेलं सगळं खाली नेतात आणि यंत्रात दळतात.

त्यांच्या घरात उरत नाही. ताटात घेतलेलं संपवायचं. संपल्यावर ताटात पाणी घालायचं, बोटाने कडा धुवायच्या आणि ते धुवण पिऊन टाकायचं. उष्टं तसंच राहिलं तर त्यात जीव होतात, ते मरतात, आणि ते पाप ज्याने ताट उष्टं केलं त्याचं. हे सारिकाला चालता येत नव्हतं तेव्हापासून माहीत होतं. आई तिचं वाटीएवढं ताट धुऊन तिच्या तोंडाला लावायची.

बाबूजी परत येऊन बसले. सूर्य खिडकीच्या खालच्या चौकटीला टेकत आला होता. नोट अजून त्यांच्या मुठीत होती.

वेटर लांब उभा होता. दुसऱ्या बैठकीची टेबलं लावायची असणार. तो एकदा ताटाकडे आणि एकदा सारिकाकडे बघत होता.

"एक घास खाल्लाय तुम्ही," सारिका म्हणाली. "ताट उष्टं झालंय."

"चुकून झालं."

"चुकून झालं तरी झालं. हे आता ते खाली दळतील."



सारिकाने त्यांचं ताट आपल्याकडे ओढलं. जिथून त्यांनी फुलका मोडला होता तिथूनच पुढे मोडला आणि खायला लागली. तिचं स्वतःचं जेवण झालं नव्हतं. तरी ती भराभर खात होती, भाजी, डाळ, पापड. मननने "मम्मी, हळू" म्हटलं. भिकन आबांनी हात थांबवला होता. तानुबाई खाली बघत होत्या.

"आईच्या वेळी तुम्ही थांब म्हणालात," सारिका घास गिळून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी थांबले."

"नियम होता."

"हो. तिचाही तोच नियम होता. जन्मभर पाळला तिने. तरी पाणी तिने माझ्याकडे मागितलं होतं बाबूजी. तुमच्याकडे नाही. प्रेमकडे नाही."

बाबूजींची मूठ टेबलावर होती. ती उघडली. घडी पडलेली नोट टेबलाच्या कापडावर पडली आणि तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

"तिने सारू म्हटलं," ते म्हणाले. "मला ऐकू आलं होतं."

सारिकाने पुढच्या शब्दाची वाट बघितली नाही. ताट रिकामं झालं होतं. तिने आपला पेला उचलला, त्यातलं पाणी बाबूजींच्या ताटात ओतलं आणि बोटाने कडा धुवायला लागली. डाळीचा पिवळा रंग पाण्यात सुटला. भाजीचं एक जिरं तरंगत होतं. तिने दोन्ही हातांनी ताट उचललं, ओठांपर्यंत नेलं.

बाबूजींचा हात ताटाच्या कडेवर आला.

"उष्टं मी केलंय," ते म्हणाले. "धुवण माझं."

सारिकाने त्यांच्याकडे बघितलं. ते तिच्याकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते. सूर्याची वरची कड अजून पाण्यावर होती.

"उजेड आहे," ते म्हणाले.

तिने ताट सोडलं नाही. एका बाजूने तिने धरलं, एका बाजूने त्यांनी. ती उठून त्यांच्या खुर्चीजवळ गेली आणि डावा हात त्यांच्या मानेमागे ठेवला. ताट कललं. ते पीत असताना त्यांचा गळा खालीवर होताना तिला जवळून दिसला. थोडं पाणी मिशीत अडकलं, थोडं हनुवटीवरून बंडीवर सांडलं. बाकीचं आत गेलं. जिरंही गेलं.

त्यांनी तोंड पुसलं. ठसका आला, तो गेला.

"अळणी आहे," ते म्हणाले.

"धुवण आहे बाबूजी."

"हं."

बाहेर सूर्य बुडाला. काचेवर हॉलचे दिवे दिसायला लागले आणि त्यात पाच माणसं बसलेली दिसत होती. नाही, चार बसलेली आणि एक उभी.

"आते उचला म्हना," तानुबाई हलकेच म्हणाल्या.

सारिकाने चमचा आणि काटा धुतलेल्या ताटात शेजारी शेजारी ठेवले. उजव्या बाजूने हात आला.

टेबल रोज बदलतं का?

नाही.